सिस्टर विकाऊ नाही : एक जाहीर इशारा

परदेशी नोकरीच्या नावाने पैसे उकळणारे एजंट, मूळ प्रमाणपत्रे कपाटात कोंडून ठेवणारे रुग्णालयचालक, महाराष्ट्र शासन, केंद्राचे परराष्ट्र मंत्रालय आणि आपल्याच संघटनांचे पदाधिकारी, या सर्वांस हा इशारा आहे. हा विनंती अर्ज नव्हे. अर्ज पुष्कळ झाले. त्यांच्यावर आवक क्रमांकाचे शिक्के बसले आणि ते फायलीत जाऊन पडले.

आधी आमची भूमिका, म्हणजे नंतर कोणी तिचा विपर्यास करायला नको. परिचारिकांनी परदेशी जाऊ नये असे आम्ही म्हणत नाही. लंडनला जायचे, म्युनिकला जायचे, कुवेतला जायचे की लातूरच्याच वॉर्डात राहायचे, हे ज्या त्या सिस्टरने आणि ब्रदरने ठरवावे. तो त्यांचा हक्क आहे आणि त्यावर संघटनेचाही अधिकार चालत नाही. पण जाणाऱ्या माणसाला कर्जात, बाँडमध्ये नाहीतर व्हिसात अडकवून त्यावर कमाई करण्याचा हक्क कोणालाही नाही. यापुढे इथून निघणारी परिचारिका संघटनेची सभासद म्हणूनच निघेल आणि तिकडे उतरल्यावर तिथल्या संघटनेत नाव नोंदवील. मधल्या रस्त्यात तिला कोणी लुबाडले, तर त्याची गाठ दोन्हीकडच्या संघटनांशी पडेल.

एजंटांनो, पहिला इशारा तुम्हाला.

१९८३ चा उत्प्रवासन कायदा तुम्हाला ठाऊक नाही असे नाही. नोंदणी प्रमाणपत्राशिवाय परदेशी नोकरीसाठी माणसे भरता येत नाहीत. नोंदणी असली तरी उमेदवाराकडून घ्यायचे सेवाशुल्क जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढेच. त्याची पावती द्यावी लागते. तुमच्या ऑफिसात मात्र ‘फाईल चार्ज’ वेगळा, ‘प्रोसेसिंग’ वेगळे, ‘स्पॉन्सरशिप’चे वेगळे, इंग्रजीच्या क्लासचे वेगळे, आणि सगळे रोखीत. पावती मागितली की ‘विश्वास नसेल तर राहू द्या’ असे उत्तर मिळते. बापाने जमीन गहाण ठेवलेली असते, आईचे दागिने बँकेत गेलेले असतात, म्हणून पोरगी गप्प बसते. त्या गप्प बसण्यावरच तुमचे दुकान चालते.

हे कुठवर जाते याचा दाखला देशाने पाहिलेला आहे. २०१५ मध्ये कुवेतच्या आरोग्य खात्यासाठी परिचारिका भरण्याचे काम कोचीतल्या एका कंपनीकडे होते. १९,५०० रुपये घ्यायची मुभा असताना प्रत्येकीकडून साडेएकोणीस लाखांच्या आसपास घेतले, असा गुन्हा सीबीआयने नोंदवला. त्यात एजंटाबरोबर आरोपी झाला तो कोचीचा प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स, म्हणजे जाणाऱ्यांच्या रक्षणासाठी सरकारने नेमलेला अधिकारी. त्याच्या आदल्याच वर्षी इराकमधल्या तिक्रितच्या युद्धात ४६ भारतीय परिचारिका अडकल्या आणि ५ जुलै २०१४ रोजी सुखरूप कोचीला उतरल्या. जीव वाचला याचा आनंद होताच. पण त्यांच्यातल्या कित्येकींच्या डोक्यावर एजंटाला दिलेल्या पैशांचे कर्ज तसेच होते. बॉम्ब पडत असतानाही परत यायला मन धजत नाही, एवढे ते कर्ज जड असते.

तुम्ही निर्धास्त का आहात हेही आम्हाला माहीत आहे. कायद्यात शिक्षा आहे दोन वर्षांपर्यंत कैदेची आणि दंड आहे दोन हजार रुपयांपर्यंत. लाखांत घेणाऱ्याला दोन हजारांची काय भीती? म्हणून आमच्या तक्रारी आता त्या एका कायद्यापुरत्या राहणार नाहीत. फसवणुकीचा गुन्हा वेगळा नोंदवला जाईल. ब्रिटनमध्ये नोकरी शोधणाऱ्याकडून एजन्सीने शुल्क घेणे १९७३ च्या कायद्याने बेकायदा आहे. तुमचा तिथला भागीदार कोण हे शोधून तिथल्या संघटनेमार्फत त्याच्यावरही तक्रार जाईल. जर्मनीने परदेशी परिचारिकांच्या न्याय्य भरतीसाठी शासनमान्य दर्जाचिन्ह काढले आहे, त्याचे तत्त्वच असे की भरतीचा खर्च मालकाने करावा, कामगाराने नाही. ते चिन्ह मिरवणाऱ्या तिकडच्या कंपनीने इकडे तुमच्यासारखा उपएजंट ठेवला असेल, तर ती बातमीही तिकडे पोचेल.

ब्रिटनमध्ये काय घडले ते आता नीट ऐका, कारण तुम्ही क्लासमध्ये ते सांगत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथल्या सरकारने वृद्धांची सेवाशुश्रूषा करणाऱ्या केअर वर्करांसाठी व्हिसा खुला केला. परवानाधारक कंपन्या रातोरात उगवल्या. कित्येक कंपन्यांकडे द्यायला कामच नव्हते. होता तो फक्त स्पॉन्सरशिपचा कागद, आणि तोच विकला गेला. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात केअर क्षेत्रातले ४७० हून अधिक परवाने ब्रिटिश सरकारने रद्द केले. त्या कंपन्यांशी ३९ हजारांहून अधिक कामगारांची नावे जोडलेली होती. परवाना रद्द झाला की कामगाराने साठ दिवसांत दुसरा मालक शोधायचा, नाहीतर देश सोडायचा. कंपनीच्या चुकीची शिक्षा कामगाराला! मार्च २०२४ पासून केअर वर्करला नवरा, बायको, मुले सोबत नेता येणे बंद झाले आणि २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नवी भरतीच बंद झाली. इतके होऊनही आज कोणी ‘यूके केअर, पक्का जॉब’ म्हणून पैसे मागत असेल तर तो सरळसरळ लुटारू आहे. आम्ही त्याला त्याच नावाने हाक मारू, आणि तीही चौकात.

अशा वेळी ब्रिटनमध्ये या माणसांच्या बाजूने कोण उभे राहिले? युनिसन ही कामगार संघटना. त्यांनी कामगारांच्या तक्रारी जमवल्या, मालक बदलता येईल असा व्हिसा हवा अशी मागणी सरकारपुढे लावून धरली. नोकरी सोडल्यास हजारो पौंड परत करा, अशा करारातल्या कलमांविरुद्ध रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग ही परिचारिकांची संघटना लढली. ज्यांनी तिथे गेल्या गेल्या सभासदत्व घेतले, त्यांना निदान फोन करायला एक नंबर होता. बाकीच्यांना एजंटाचा नंबर होता, आणि तो लागत नव्हता.

दुसरा इशारा रुग्णालयचालकांना.

ऑक्टोबर २०११ मध्ये मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयात काम करणाऱ्या केरळच्या तरुण परिचारिकेने आत्महत्या केली. तिला नोकरी सोडायची होती, पण प्रमाणपत्रे परत मिळत नव्हती आणि बाँडचे पैसे मागितले जात होते, असे सांगत तिच्या सहकारी परिचारिका रस्त्यावर उतरल्या. तो असंतोष मुंबईपुरता राहिला नाही. दिल्ली, कोलकाता, केरळ असे संप पेटत गेले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्रिशूरला युनायटेड नर्सेस असोसिएशन स्थापन झाली. भारतातल्या खासगी परिचारिकांची आजची सर्वांत लढाऊ संघटना मुंबईतल्या एका मृत्यूनंतर उभी राहिली, हे मुंबईच्या रुग्णालयचालकांनी विसरू नये.

तुम्ही म्हणता, आम्ही शिकवतो आणि दोन वर्षांचा अनुभव झाला की ह्या उडून जातात. का जातात? २९ जानेवारी २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या वेतनासाठी समिती नेमायला सांगितले. त्या समितीचा हिशेब सोपा होता : २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतका पगार; १०० ते २०० खाटांना फार तर दहा टक्के कमी; ५० ते १०० खाटांना फार तर पंचवीस टक्के कमी; आणि पन्नास खाटांच्या आतल्या छोट्या रुग्णालयातही महिना वीस हजारांपेक्षा कमी नाही. दहा वर्षांपूर्वीचे हे वीस हजार आज महाराष्ट्रातल्या किती नर्सिंग होममध्ये मिळतात, ते तुमच्याच पगारपत्रकात पाहा. मग सिस्टर दुबईची जाहिरात का वाचते, हे आम्हाला विचारू नका.

आणि बाँडचे काय? नोकरी सोडली म्हणून खरा खर्च वसूल करायचा असेल तर दिवाणी न्यायालयात जा, तिथे खर्च सिद्ध करा. पण शिक्षणाची मूळ प्रमाणपत्रे, नर्सिंग कौन्सिलचे रजिस्ट्रेशन, अनुभवाचा दाखला ओलीस ठेवण्याचा अधिकार तुम्हाला कोणत्याही कायद्याने दिलेला नाही. पासपोर्ट तर भारत सरकारची मालमत्ता आहे. तो तुमच्या एचआरच्या ड्रॉवरमध्ये सापडला तर आम्ही पोलीस घेऊनच येऊ.

तिसरा इशारा सरकारला, राज्याच्या आणि केंद्राच्याही.

एका हाताने परिचारिका निर्यात करायची आणि दुसऱ्या हाताने इथली पदे रिकामी ठेवायची, हा उद्योग बंद करा. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. सुरुवातीला दहा हजार जणांचा आकडा जाहीर झाला आणि त्यात परिचारिकाही आल्या. त्याआधी मे २०२२ मध्ये याच महाराष्ट्रातल्या अधिपरिचारिका आणि परिसेविका बाह्ययंत्रणेमार्फत होणाऱ्या कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर होत्या. म्हणजे घरच्या वॉर्डासाठी कंत्राटदार आणि श्टुटगार्टच्या वॉर्डासाठी शासकीय करार! तिकडे गेलेल्या परिचारिकेला तिची पदवी मान्य होईपर्यंत सहायक म्हणून कमी पगारावर काम करावे लागते. भाषेची परीक्षा अडली की ती तिथेच अडकते. त्या काळात तिच्या बाजूने बोलणार कोण, याचे उत्तर करार करणाऱ्यांनी द्यायचे आहे.

२०२३ मध्ये भारताने इस्रायलशी ४२ हजार कामगारांची चौकट ठरवली. त्यातले आठ हजार घरोघरी शुश्रूषा करणारे असणार होते. पुढे गाझाचे युद्ध पेटले, देशातल्या केंद्रीय कामगार संघटनांनी एकत्र येऊन या भरतीला विरोध केला, तरी भरती चालूच राहिली. पुण्यात औंधच्या आयटीआयमध्ये बांधकाम कामगारांच्या चाचण्या झाल्या. उद्या केअरगिव्हर म्हणून आमच्या मुलींची रांग तिथे लावायची असेल, तर आधी सांगा : युद्धक्षेत्रात काम नाकारण्याचा हक्क तिच्या करारात आहे का? परतीचे तिकीट कोणाच्या खिशातून?

२०१५ च्या कुवेत भरती घोटाळ्यानंतर केंद्राने नियम केला की ठरावीक १८ देशांत जाणाऱ्या परिचारिकांची भरती सरकारी संस्थांमार्फतच होईल आणि त्यांना उत्प्रवासन परवानगी लागेल. केरळने नोर्का रूट्स आणि ओडेपेक या संस्था त्यासाठी कामाला लावल्या. नियम चांगला होता. पण ब्रिटन, जर्मनी, इस्रायल त्या १८ देशांत नाहीत. कुंपण घातले ते आखाताच्या बाजूला. युरोपची बाजू उघडीच राहिली आणि एजंट तिकडून शिरले. ऑक्टोबर २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने १९८३ च्या कायद्याच्या जागी नव्या कायद्याचा मसुदा प्रसिद्ध केला. त्या कायद्याने ही उघडी बाजू बंद झाली नाही आणि देखरेखीच्या यंत्रणेत कामगार संघटनांना मताधिकारासह जागा मिळाली नाही, तर तो आम्हाला मान्य नसेल.

संघटनांना जागा देणे जगात कुठे होत नाही असे म्हणू नका. जर्मनी आणि फिलिपाईन्स यांच्यातल्या २०१३ च्या परिचारिका कराराच्या संयुक्त समितीवर कामगार संघटना बसतात. मनिलाला जे जमते ते मुंबईला का जमू नये?

आणि सगळ्यांना कोंडून ठेवण्याचा सोपा मार्ग शोधू नका. २०२० च्या साथीत फिलिपाईन्सने परिचारिकांना बाहेर जायला बंदी केली, मग वर्षाला पाच हजारांची मर्यादा घातली आणि ती पुन्हा वाढवावी लागली. नायजेरियाच्या नर्सिंग कौन्सिलने २०२४ मध्ये परदेशासाठीच्या पडताळणीला दोन वर्षांच्या सेवेची अट लावली तेव्हा परिचारिका तिच्या दारात निदर्शनाला बसल्या. दार बंद केल्याने कोणी थांबत नाही, चोरवाटेचा दर तेवढा वाढतो. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलने पडताळणीचा एकही अर्ज मुद्दाम रखडवला तर आम्हीही तिच्या दारात बसू.

श्रीमंत देशांना एकच सांगणे आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०१० ची आचारसंहिता तुम्ही मान्य केली; तिची सक्ती नाही, म्हणून ती सोयीने वाचता. २०२३ च्या यादीत ज्या ५५ देशांतून धडाक्याने भरती करू नये असे सांगितले आहे, त्यात भारत नाही. म्हणून भारत ही मोकळी खाण आहे असे समजू नका. देशाच्या सरासरीत भामरागड आणि धडगाव दिसत नाहीत. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातली सिस्टर गेली की तिच्या जागी दुसरी येईलच असे नाही. जगात २०२३ मध्ये ५८ लाख परिचारिका कमी होत्या, हा जागतिक आरोग्य संघटनेचाच आकडा आहे. तुमच्या देशात पुरेशा परिचारिका घडवायच्या नाहीत आणि आमच्या शिक्षणाच्या खर्चावर वॉर्ड चालवायचे, याची किंमत तुम्ही इथल्या नर्सिंग कॉलेजांना आणि आरोग्य केंद्रांना मोजली पाहिजे.

शेवटचा इशारा आपल्या माणसांना, आणि तो सर्वांत कडक आहे.

संघटनांच्या पदाधिकाऱ्यांनो, कायम सेवेतल्या सरकारी परिचारिकांचे भत्ते मिळवले की काम संपले, असे मानण्याचे दिवस गेले. कंत्राटी सिस्टर आपली नाही, खासगीतली आपली नाही, मल्याळी आपली नाही आणि परदेशी गेलेली तर मुळीच नाही, मग आपले उरले कोण? एजंटाच्या ऑफिसात सगळ्या एकाच रांगेत बसतात, तो कोणाला वगळत नाही. मुंबई-पुण्यातल्या खासगी वॉर्डांत शेजारी शेजारी नाईट करणाऱ्या मराठी आणि मल्याळी सिस्टर एका पावतीपुस्तकावर आल्या नाहीत, तर मालक दोघींनाही वेगवेगळे गाठेल.

एप्रिल २०१८ ची गोष्ट लक्षात ठेवा. चेर्तला इथल्या एका रुग्णालयातला संप दोनशेहून अधिक दिवस चालला होता. युनायटेड नर्सेस असोसिएशनने चेर्तला ते तिरुवनंतपुरम पायी मोर्चा जाहीर केला. मोर्चा निघायच्या आदल्या संध्याकाळी केरळ सरकारने किमान वीस हजारांच्या वेतनाची अधिसूचना काढली. पाऊल टाकण्याआधीच मोर्चा जिंकला, कारण तो निघणार याबद्दल सरकारच्या मनात शंका नव्हती. महाराष्ट्रातही बाह्यस्रोत भरतीचा सप्टेंबर २०२३ चा जी.आर. पुढच्याच महिन्यात मागे घ्यावा लागला. सरकार ऐकते, ऐकवावे लागते.

आता मागण्या.

१. प्रत्येक रुग्णालयाने आणि नर्सिंग कॉलेजाने ताब्यात ठेवलेली मूळ कागदपत्रे परत करावीत आणि तसे लेखी जाहीर करावे.
२. परदेशी भरतीचा संपूर्ण खर्च मालकाने करावा. परिचारिकेकडून एक रुपयाही घेतला जाऊ नये.
३. नोकरी आणि वेतनाचा करार निघण्यापूर्वी मराठीत मिळावा, आणि तो तिकडे उतरल्यावर बदलता येऊ नये.
४. परिचारिका पाठवण्याच्या प्रत्येक शासकीय कराराच्या देखरेख समितीवर दोन्ही देशांतल्या संघटनांना जागा असावी.
५. प्रस्थानपूर्व प्रशिक्षणात संघटनेचा तास सक्तीचा असावा; जाणाऱ्या प्रत्येकीला तिथल्या संघटनेचा पत्ता मिळावा.
६. परत येणारीची परदेशातली सेवा अनुभव म्हणून धरावी आणि तिला सरकारी भरतीत वाट मोकळी असावी.
७. राज्यातली रिक्त पदे कायमस्वरूपी भरावीत. खासगी रुग्णालयांत २०१६ च्या वेतन समितीच्या शिफारशींप्रमाणे वेतन लागू करावे.

मुदत येत्या १२ मेपर्यंत आहे. त्या दिवशी, परिचारिका दिनाला, तुम्ही गुलाबाची फुले वाटता, मेणबत्त्या लावता, भाषणे करता. यंदा फुले नकोत, उत्तर हवे.

उत्तर आले नाही तर काय होईल तेही स्पष्ट सांगतो. बिनपावती पैसे घेणाऱ्या प्रत्येक एजंटाविरुद्ध जबाब, बँकेच्या नोंदी आणि मेसेज यांसह तक्रारी मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सकडे आणि पोलिसांत एकाच दिवशी दाखल होतील. त्यांच्या प्रती लंडन आणि बर्लिनच्या संघटनांना जातील. कागदपत्रे दाबून ठेवणाऱ्या रुग्णालयाच्या दारात धरणे बसेल. आणि जिथे आमचे बहुमत आहे तिथे कायद्याप्रमाणे चौदा दिवसांची संपाची नोटीस दिली जाईल. अतिदक्षता विभाग, प्रसूती विभाग आणि अपघात विभाग आम्ही उघडे ठेवू, कारण रुग्णाशी आमचे भांडण नाही. मेस्माची, म्हणजे अत्यावश्यक सेवा कायद्याची, धमकी देऊ नका. सेवा अत्यावश्यक असेल तर तिचा पगारही अत्यावश्यक आहे.

सिस्टर आणि ब्रदर, तुम्हालाही तीन गोष्टी. मूळ प्रमाणपत्र कोणाच्या हाती देऊ नका, प्रत द्या. पावतीशिवाय पैसा देऊ नका, आणि दिला असेल तर लाज बाळगू नका, येऊन सांगा. विमानाचे तिकीट काढण्याआधी संघटनेची पावती फाडा.

१२ मेपर्यंत आम्ही चर्चेला बसायला तयार आहोत. १३ मेला निवेदन येणार नाही, नोटीस येईल.